जवारी काढताना कॅमेरा कुठं ठेवायचा? (गायक-वादकांवरचे माहितीपट)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. लिहिणं जरा लांबेल, पण बरेच दिवस मनात घोळतंय ते सगळं एकदा मांडतो.

माझ्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची आवाज गुंजता ठेवणारी घडण, गेली होती म्हणून गेल्या महिन्यात तो मिरजेला नेला. इतकी वर्षं मी तंबोरा दुकानात ठेवून सांगलीला परत यायचो आणि आठ दिवसांनी आणायला जायचो. या वेळी पाऊस लागला आणि तिथंच अडकलो. दुकानातल्या कारागीर चाचांनी तंबोरा पुढ्यात आडवा घेतला, तारा सैल करून बाजूला सारल्या आणि घोडीवर कानस फिरवायला सुरुवात केली. दोन-चार हात फिरवायचे, तार चढवायची, छेडायची, मान कलती करून ऐकायचं, परत तार उतरवायची. दीड तास हेच चाललं होतं. मधे एकदा मला वाटलं, झालं, बोलायला लागला. चाचा म्हणाले, "अजून आवाज आतच हाय." परत कानस. शेवटी सुताचा दोरा तारेखाली सरकवत सरकवत एका जागी थांबले आणि खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या, तारेतून गंधार असा स्वच्छ वर आला की मी जागचा हललो नाही.

त्यातली दहा मिनिटं फोनवर घेतली आहेत. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, की यावर नीट, तीस-चाळीस मिनिटांचा माहितीपट करायचा. चाचांचं वय चौऱ्याहत्तर. धाकटा मुलगा हाताखाली आहे, थोरला नोकरीला बाहेरगावी. सिनेमा करणं माझा व्यवसाय नाही, मी गाणं शिकणारा माणूस. म्हणून विचारतो: संगीतकारांवरचे कोणते माहितीपट बघू? पाठ करायला नव्हे, काय करायचं आणि काय टाळायचं ते कळावं म्हणून. गुलजारांनी भीमसेनजींवर केलेला (१९९२) बघितलाय, आवडलाय. पण तो एवढ्या मोठ्या गायकावरचा. इथं तर गाणारा कोणीच नाही, वाद्य घडवणारा माणूस आहे. त्याला संगीतकार म्हणायचं की नाही, इथूनच माझी सुरुवात अडते.

षड्जपंचम

म्हणायचं. दीड तास एक आवाज शोधत बसणारा माणूस संगीतकार नसेल तर कोण असेल?

मणि कौल यांचा ‘ध्रुपद’ (१९८२) आधी बघ. झिया मोहिउद्दीन डागर रुद्रवीणेवर आणि झिया फरीदुद्दीन डागर गायनाला. मणि कौल स्वतः डागरांकडे ध्रुपद शिकले होते आणि ते शिकणं चित्रपटात दिसतं. कॅमेऱ्याला घाई नाही. आलाप जसा एका स्वरावर थांबतो, मग पुढच्या स्वराकडे सरकतो, तसा कॅमेरा जागेवर थांबतो आणि सरकतो. मधेच कोणी खुर्चीत बसून "उस्ताद म्हणजे काय सांगू" असं म्हणायला येत नाही. त्यांचाच ‘सिद्धेश्वरी’ (१९८९) अजून पुढे जातो. बनारसच्या ठुमरी-गायिका सिद्धेश्वरीदेवींचं आयुष्य तो जन्मापासून ओळीनं सांगतच नाही. पहिल्यांदा बघताना मी गोंधळलो होतो. तिसऱ्यांदा बघताना कळलं की ठुमरीत एकच ओळ दहा अंगांनी येते, तसं तिचं आयुष्य पुन्हा पुन्हा निराळ्या अंगानं येतंय.

तुझ्या कामाची अजून एक गोष्ट. मोहिउद्दीन डागरांना वीणेतून जो खोल, लांबत जाणारा आवाज हवा होता त्यासाठी त्यांनी वीणेची दांडी आणि भोपळे मोठे करून घेतले होते. आवाज आधी त्यांच्या कानात होता, वाद्य नंतर झालं. कारागिरानं तो आवाज ऐकल्याशिवाय हे होतं का? तुझा विषय तोच आहे, फक्त तुझा कॅमेरा पलीकडच्या बाजूला बसणार आहे.

मुलाखती ठेवू नकोस. मी तर एकही नको म्हणेन.

हरिपूरची_वाट

षड्जपंचमदादा, इथं मी तुमच्याशी सहमत नाही.

‘ध्रुपद’ मी घरी लावला होता. माझे वडील वीस मिनिटांनी उठून गेले. त्यांना संगीतात गती नाही असं म्हणू नका, चाळीस वर्षं भजनाला पखवाज धरतात. नंतर म्हणाले, "वाजवणारा फार मोठा हाय, पण मला त्यो माणूस भेटला न्हाई." हे वाक्य मी विसरले नाही.

कुमार गंधर्वांचंच घ्या. तरुणपणी क्षय झाला, १९४८ मध्ये हवापालटासाठी देवासला गेले, पाच-सहा वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून असताना घराबाहेरून येणारी माळव्यातली लोकगीतं कानावर पडत राहिली. फुप्फुस कमजोर झालेला गवई पुन्हा गायला लागला तेव्हा लांब दमसासाऐवजी छोट्या, झपकन चमकून जाणाऱ्या जागा घेऊन आला आणि लोकधुनांतून काढलेले धुनउगम राग घेऊन आला. आता सांगा, हे कोणी सांगितल्याशिवाय नुसतं गाणं दाखवून कळेल? जब्बार पटेलांच्या ‘हंस अकेला’मुळे माझ्या विद्यार्थिनींना कुमार पहिल्यांदा माणूस म्हणून कळले. शबनम विरमाणींचा ‘कोई सुनता है’ तर मी दरवर्षी एकदा बघते. त्यात कुमारांचं निर्गुण आहे आणि गावोगाव कबीर गाणारी माणसंही आहेत. एकाच शब्दाला किती गळे असतात ते त्यात ऐकू येतं. (आणि एक सांगायलाच हवं. कुमारांना घडवणारे गुरू प्रो. बी. आर. देवधर मूळचे आपल्या मिरजेचे. आपल्याकडच्या किती मुलांना हे माहीत आहे?)

म्हणून कृष्णाकाठ, चाचांना बोलू द्या. पण प्रश्न बेतानं विचारा. "तुम्हाला कसं वाटतं" असं विचारलं की माणूस भाषण द्यायला लागतो. "हा दोरा इथंच का थांबवला?" असं विचारा.

अण्णा_तासगाव

दोघांचंही खरं आहे. आमच्या वेळी थेटरात मुख्य पिक्चरच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट लागायचा. बहुतेक पुराचे, धरणांचे, लसीकरणाचे. एखादा गाण्या-बजावण्यावरचा आला की मी सावरून बसायचो. तेव्हा त्यातला धीरगंभीर निवेदनाचा आवाजच लक्षात राहायचा, गवई राहायचा नाही. एवढं टाळा.

कृष्णाकाठ

‘ध्रुपद’ काल रात्री बघितला. हरिपूरताई, तुमच्या वडिलांना काय वाटलं असेल ते कळलं. आणि षड्जपंचम, तुम्ही काय म्हणताय तेही कळलं. मी बसून राहिलो, पण मला आधीच त्या आवाजाची ओढ आहे.

आता दुसरी अडचण. मिरजेवर काही करायचं म्हटलं की इतिहास अंगावर येतो. सतारमेकरांची दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांचं मिरजेतलं वास्तव्य, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची मजार, उरुसात तिथं होणारं गाणं. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९३१ मध्ये मिरजेतच गेले. सांगलीचे कृ. ब. देवल बावीस श्रुतींची (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची) मोजमापं करत होते तेव्हा त्यांनी खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेतला. आणि आता २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

यातलं एकही सोडवत नाही. पण हे सगळं घातलं तर चाचांच्या वाट्याला किती मिनिटं उरतील? मी कागदावर हिशोब केला. सात.

अण्णा_तासगाव

सगळं सोडा. एकच ठेवा, करीम खाँसाहेब. तेही इतिहास म्हणून नको. त्यांची झिंझोटी रागातली ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही ध्वनिमुद्रिका चाचांच्या दुकानात लावा आणि चाचा ऐकतानाचा चेहरा घ्या. भीमसेनअण्णांनी पोरवयात खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडलं. तोच आवाज एका वाद्य करणाऱ्याच्या कानात काय करतो ते दिसलं तर तुमचा इतिहास त्यात आला.

दुसरं, भोपळा. तंबोऱ्याचा भोपळा खायचा नसतो, कडू असतो, त्याची साल जाड. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं, भीमेकाठच्या रानातनं येतो. वेलावर वाढतानाच त्याचा घेर आणि गोलाई बघून माणसं पारखतात. मग महिनोन्‌महिने वाळवायचा, पाण्यात भिजवून मऊ करायचा, कापून आतला गर काढायचा, आकारात आणायचा, परत वाळवायचा. आवाज तिथनं सुरू होतोय. शेतकऱ्याच्या वावरात एक दिवस जा. माझी गाडी आहे, मी येतो.

कातळकडा

मी वाईची. इतके दिवस नुसतं वाचत होते, आज लिहिते.

माझी आत्या लावणी गायची. बैठकीची. बसून, अदा करत, एका ओळीवर पाऊण तास. आमच्या वाईला यमुनाबाई वाईकरांमुळे त्या गाण्याला मान मिळाला, त्यांना २०१२ मध्ये पद्मश्रीही मिळाली. पण त्यांच्या मागं-पुढं गाणाऱ्या कितीतरी बायका नावाशिवाय गेल्या. आत्या त्यातलीच.

बऱ्याच वर्षांपूर्वी काही लोक आत्यावर चित्रीकरण करायला आले होते. चार दिवस घरी होते. आत्यानं दागिने काढले, नऊवारी नेसली, घसा बसलेला असताना गायली. "प्रत पाठवतो" म्हणून गेले ते गेलेच. आम्ही पत्रं लिहिली, फोन केले. आत्या वारली तेव्हा तिच्या गाण्याचा एक तुकडाही आमच्या घरात नव्हता. आजही नाही. कुठंतरी एखाद्या कपाटात तो पडला असेल, आणि तिच्या नातीला आपली आजी कशी गायची हे माहीत नाही. मला अजून राग येतो.

२०२१ मध्ये ‘समर ऑफ सोल’ नावाचा माहितीपट आला. १९६९ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीय कलाकारांचा मोठा संगीत महोत्सव झाला होता. त्याचं चाळीस तासांच्या आसपासचं चित्रण जवळजवळ पन्नास वर्षं तसंच पडून राहिलं होतं. चित्रपटात त्या महोत्सवाला लहानपणी गेलेल्या एका माणसाला ते चित्रण दाखवतात आणि त्याचे डोळे भरून येतात. मला कळलं तो का रडला ते. आपण बघितलं होतं ते खरंच घडलं होतं, याचा पुरावा त्याच्यासमोर होता.

सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगांवकर यांनी लावणी कलावंतिणींवर ‘नटले तुमच्यासाठी’ केला तो जरूर बघा. त्यात बायका स्वतः बोलतात, आपल्या घरात बसून बोलतात.

कृष्णाकाठ, एकच मागणं आहे. फिल्म व्हायला दोन वर्षं लागू देत. पण जे चित्रित कराल ते त्याच आठवड्यात चाचांच्या घरी द्या. न कापलेलं, सगळं.

कृष्णाकाठ

ताई, देईन. हे इथं सगळ्यांसमोर लिहून ठेवतो.

ध्वनीवेडा

गाव मिरज, सध्या पुण्यात, काम ध्वनिमुद्रणाचं. चित्राबद्दल बोलणारे खूप आहेत, मी आवाजाबद्दल बोलतो. तंबोऱ्याच्या फिल्ममध्ये आवाज गेला तर काही उरत नाही.

फोनवर घेतलेला तंबोरा घरी ऐकताना पोकळ आणि मागं गेलेला वाटला असेल. बऱ्याच फोनमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त होतो आणि सतत चालणारा एकसारखा आवाज गोंगाट समजून दाबला जातो. तंबोरा म्हणजे नेमका सतत चालणारा आवाज. जवारीचा तो जिवंतपणा मूळ सुरावर उमटणाऱ्या वरच्या बारीक उपस्वरांत असतो आणि तोच आधी कापला जातो. म्हणून चित्र फोनवर घ्या, हरकत नाही, पण आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर घ्या. पातळी हातानं लावा आणि एकदा लावली की हलवू नका. माइक घोडीपासून हात-दीड हातावर, थोडा तिरका. अगदी समोर ठेवला तर कानशीचा आवाज टोचेल. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, नंतर चित्र आणि आवाज जुळवायला तीच टाळी कामाला येते. पंखा बंद. सकाळी लवकर जा, रस्ता जागा व्हायच्या आत. आणि कोणी काही करत नसताना दुकानाची नुसती शांतता दोन मिनिटं घ्या. संकलनाच्या वेळी ही दोन मिनिटं सोन्यासारखी वाटतील.

‘रियुइची साकामोतो: कोडा’ (२०१७) बघा. जपानी संगीतकार, कर्करोगातून उठून परत कामाला लागलेला. २०११ च्या त्सुनामीत बुडालेला एक पियानो तो वाजवून बघतो. सूर बिघडलेत, पट्ट्या अडकतात, तरी तो कान देऊन ऐकत राहतो. पाऊस ऐकायला डोक्यावर बादली घेऊन उभा राहतो. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात माइक पाण्यात सोडून खालचा आवाज घेतो. तो माणूस ऐकतोय, एवढंच दाखवायचं धाडस त्या दिग्दर्शकानं केलं. तुमच्या चाचांची कलती मान मला तिथं आठवली.

आणखी एक. कानस फिरतेय आणि तार छेडली जातेय, या दोन्हींच्या मधे कापू नका. हाताचं काम आणि त्याचा आवाजातला परिणाम एका सलग चित्रात आला तरच बघणाऱ्याचा कान तयार होत जातो. पाचव्या-सहाव्या वेळी बघणारा स्वतःच ठरवायला लागेल, झालं की अजून बाकी आहे.

षड्जपंचम

ध्वनीवेडा यांनी माझं म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडलं.

‘गेट बॅक’ (२०२१) बघितलाय का कोणी? पीटर जॅक्सनने जानेवारी १९६९ चं बीटल्सचं चित्रण घेऊन जवळजवळ आठ तासांचं केलंय. त्यात पॉल मॅकार्टनी बास गिटारवर नुसता तालात हात मारत बसलाय. बाजूला एकजण जांभई देतोय. दोन-तीन मिनिटांत त्या निरर्थक वाजवण्यातून चाल उभी राहते, नंतर जगभर गाजलेलं ते गाणं तिथं आपल्या डोळ्यांसमोर जन्माला येतं. पन्नास वर्षं लोक त्या गाण्याविषयी बोलत होते, लिहीत होते. त्या सगळ्यापेक्षा ही काही मिनिटं मला जास्त सांगून गेली. आणि ती सापडली कशामुळे? काही घडत नसतानाही कॅमेरा चालू होता म्हणून.

हरिपूरताई, माझा हट्ट मागं घेतो. मुलाखत नको असं नाही. पण जिथं हात बोलतोय तिथं तोंडाला थांबवावं, एवढं धरून ठेवतो.

हरिपूरची_वाट

हे मान्य, दादा.

मला अजून एक सुचतंय. ‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’ (२०१३) मध्ये मोठ्या गायकांच्या मागं उभं राहून गाणाऱ्या साथीच्या गायिका आहेत. आवाज जगानं ऐकलेला, चेहरा कोणाला माहीत नाही. तो बघताना मला आपल्या मैफलीत मागं तंबोरा धरून बसणारी मुलं आठवत राहिली. मीही बसलेली आहे. अडीच तास बोट थांबवायचं नाही, पायाला मुंग्या आल्या तरी हलायचं नाही, आणि गाणाऱ्याचा पुढचा स्वर आपल्या तारेतूनच उगवतो असं आत कुठंतरी वाटत असतं. चाचांचा तंबोरा शेवटी अशाच एखाद्या मुलीच्या हातात जाणार. तुमच्या फिल्ममध्ये ती येऊ दे, गाणारा फ्रेमबाहेर राहिला तरी चालेल.

तबल्याचंही बघा. झाकीर हुसेन यांचे तबले वर्षानुवर्षं करणारे कारागीर मूळचे मिरजेचेच. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरजी गेले तेव्हा ते कळलं. तेवढ्यापुरतं सगळ्यांनी वाचलं आणि पुढं गेले.

अण्णा_तासगाव

एक सावधगिरी. ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ (२०१२) माझ्या मुलीनं दाखवला. डेट्रॉइटचा रॉड्रिगेझ, त्याच्या दोन तबकड्या अमेरिकेत कोणी घेतल्या नाहीत, हा बांधकामावर राबत राहिला आणि तिकडं दक्षिण आफ्रिकेत घराघरात त्याची गाणी. बघताना मला भरून आलं. नंतर कळलं की तो १९७९ आणि १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे दौरे करून आला होता, तिथं त्याला मानणारे होते, आणि हे फिल्ममध्ये नाही. गोष्ट रंगावी म्हणून गाळलं. माझं मन तेवढं खट्टू झालं. तुमच्या चाचांना "शेवटचा कारागीर" वगैरे करू नका. गल्लीत अजून कितीतरी घरं काम करतायत, त्यांचा धाकटा हाताखाली आहे. जे आहे ते ठेवा.

पण त्याच फिल्मची एक चांगली गोष्ट: पैसे संपले तेव्हा दिग्दर्शकानं राहिलेली काही दृश्यं फोनवर घेतली, आणि फिल्मला ऑस्कर मिळालं. फोनची लाज बाळगू नका.

कृष्णाकाठ

काल पहिला दिवस झाला. सकाळी साडेसहाला दुकान. चाचांनी आधीच झाडून ठेवलं होतं आणि नवा सदरा घातला होता. मी म्हटलं, रोजचाच घाला. म्हणाले, "आज कामच तसं हाय." सदरा तोच राहिला.

कॅमेरा शेवटी जमिनीवर ठेवला, घोडीच्या पातळीला. उंचावरून हात दिसत होते पण घोडी आणि तारेच्या मधली ती केसाएवढी फट दिसत नव्हती. खालून दिसते. ध्वनीवेडा, माइक तुम्ही सांगितला तिथंच होता. सलग एक तास दहा मिनिटं. मी तीन प्रश्न विचारले, तिन्ही दोऱ्याबद्दल. खाँसाहेबांची तबकडीही लावली. चाचांनी डोळे मिटले नाहीत की मान डोलावली नाही. संपल्यावर म्हणाले, "मागचा तंबोरा ऐका," आणि पुन्हा लावायला सांगितली. गाण्याकडे लक्ष देत मी तो तंबोरा आजवर ऐकलाच नव्हता.

संध्याकाळी त्यांना आमचं रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकवलं. सातव्या मिनिटाला हात वर करून थांबवलं. जोडातली (मधल्या दोन तारांतली) एक तार किंचित उतरलेली होती, मला अजूनही ती कळत नाही. धाकट्यानं ऐकली, त्याला लगेच कळली.

कातळकडाताई, कालचं सगळं चित्रण, एक सेकंदही न कापता, पेनड्राइव्हवर घालून धाकट्याच्या हातात दिलं. त्यानं तो टीव्हीला लावून चालतो का बघितला आणि आईच्या कपाटात ठेवला.

अण्णा, रविवारी मंगळवेढ्याकडे निघू. सहाला तासगावात पोचतो. चाचा येतायत, भोपळे त्यांनाच निवडायचेत.